नेदरलँड्समधले पहिले चार महिने: आधी काय, नंतर काय

नेदरलँड्सला नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना कोणकोणती कामं करायची ते साधारण ठाऊक असतं. घोळ होतो तो क्रमाचा. बँकेत गेलं की बीएसएन (इथला सरकारी ओळख क्रमांक) मागतात, नंबरासाठी गेलं की पत्ता मागतात, आणि पत्ता असतो तेव्हा घरमालक त्यावर नोंदणी करू देत नाही. त्यात आरोग्य विमा आणि ३० टक्के करसवलत (परदेशातून आणलेल्या नोकरदारांच्या पगाराचा काही भाग करमुक्त) या दोन मोठ्या कामांना चार महिन्यांची मुदत असते आणि ती कुणी आठवण करून देईलच असं नाही. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. कंपनीच्या परवान्यावर येणारे आणि त्यांचे जोडीदार-मुलं यांना धरून हे लिहिलं आहे. विद्यार्थ्यांचे विम्याचे नियम वेगळे आहेत, ते यात नाहीत.

## १. निघण्याआधी: कागद आणि सामान

घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला आणि जोडप्याचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोन्हींवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) हवा. आपल्याकडे आधी राज्य सरकारच्या पातळीवर कागद प्रमाणित होतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल लागतो. मंत्रालय कागद थेट हातात घेत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सीमार्फतच जातो. याला वेळ लागतो, त्यामुळे तिकीट काढल्यावर नाही, ऑफर लेटर आल्यावरच सुरुवात करा.

अपोस्टिलला पाठवण्याआधी दाखला नीट वाचा. जुन्या दाखल्यांमध्ये बाळाच्या नावाची जागा अनेकदा रिकामी असते, फक्त आई-वडिलांची नावं असतात. असा दाखला इथे चालत नाही. आधी आपल्या पालिकेतून नाव चढवून नवा दाखला घ्या. जुना दाखला केवळ मराठीत असेल तर मराठी-इंग्रजी असा नवा काढा. इथल्या पालिका साधारणपणे डच, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच कागद स्वीकारतात. बाकी भाषांना अधिकृत भाषांतरकार लागतो आणि तो स्वस्त नसतो.

बायकांच्या बाबतीत एक जास्तीची अडचण असते. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर दोन्हींत काहीच जुळत नाही. विवाह प्रमाणपत्रावर लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं नसतील तर राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत घ्या. इथे अधिकृत नोंद जन्मनावाची धरतात, नवऱ्याचं आडनाव पत्रव्यवहारात वापरण्यापुरतं असतं. त्यामुळे लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला अनेकदा दवाखान्यातून माहेरच्या आडनावाने पत्र येतं. ते चुकून आलेलं नसतं.

सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ नकोत. युरोपीय संघाबाहेरून ते आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, बर्फी आणि घरचं तूपही त्यात आलं. ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. हापूसची पेटी आणि कढीपत्ता दोन्ही विमानतळावर जप्त होतात. नारळ, केळी, अननस, खजूर यांना मात्र सूट आहे. गोडा मसाला, भाजणी, पापड, बाकरवडी खुशाल आणा.

तपासा: मूळ दाखले, अपोस्टिल, मुलांची लसीकरण कार्डं आणि नेहमीच्या औषधांच्या चिठ्ठ्या (औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह) हातातल्या बॅगेत आहेत का? चेक-इन बॅगेत ठेवू नका.

## २. घर: करारावर सही करण्याआधी

पहिला प्रश्न भाड्याचा नाही. पहिला प्रश्न हा: या पत्त्यावर आमच्या सगळ्यांची नोंदणी होईल का? उत्तर 'नाही' किंवा 'नंतर बघू' असेल तर ते घर कितीही सुंदर असो, सोडून द्या. पत्त्यावर नोंदणी नाही तर बीएसएन नाही, आणि बीएसएन नाही तर पुढचं काहीच हलत नाही. कंपनी पहिल्या काही आठवड्यांसाठी जागा देते, तिथेही हाच प्रश्न विचारा.

दुसरा मुद्दा घराच्या प्रकाराचा. जाहिरातीत तीनपैकी एक शब्द असतो. 'खेमेउबिलेर्ट' म्हणजे फर्निचरसह. 'खेस्टोफेर्ट' म्हणजे जमीन, पडदे, बहुधा दिवे, पण पलंग-सोफा नाही. आणि 'काल' म्हणजे खरोखर उघडं: खाली काँक्रीट, वर लोंबणारी वायर, खिडक्यांना पडदे नाहीत. आपल्याकडे 'अनफर्निश्ड' म्हटलं तरी फरशी असतेच, त्यामुळे इथे लोक हमखास फसतात. असं 'काल' घर घेतलंत तर लॅमिनेट (लाकडासारखी दिसणारी जमीन) स्वतः टाकावं लागतं. फ्लॅट असेल तर खालच्यांना पावलांचा आवाज जाऊ नये म्हणून त्याखाली कसलं अस्तर टाकायचं, याचेही इमारतीचे नियम असतात. ते आधी विचारा. टाकलेलं लॅमिनेट उखडायला लावल्याची उदाहरणं कमी नाहीत.

१ जुलै २०२३ पासूनच्या करारांना डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांचं मूळ भाडं एवढी आहे. एजंट घरमालकाने नेमलेला असेल तर त्याची दलाली भाडेकरूकडून घेता येत नाही. घर न पाहता, किल्ली हातात न येता पैसे मागितले की तिथेच थांबा. मालक 'सध्या परदेशात' असतो आणि किल्ल्या कुरिअरने येणार असतात, ही फसवणूक जुनी असली तरी अजून चालते.

किल्ली मिळेल त्या दिवशी वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा. भिंतींवरचे डाग, ओरखडे, बाथरूममधली बुरशी यांचेही काढा आणि त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवा. डिपॉझिट परत घेताना हाच ईमेल कामाला येतो.

## ३. नोंदणी आणि बीएसएन

'खेमेंते' म्हणजे इथली पालिका. चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून पाच दिवसांत तिथे नोंदणीसाठी जायचं असतं. प्रत्यक्षात भेटीची वेळ पाच दिवसांत मिळेलच असं नाही, म्हणून वेळ भारतातूनच घ्या. कामगार परवान्यावर येणाऱ्यांसाठी अॅमस्टरडॅम, हेग, रॉटरडॅम, आइंडहोव्हन अशा शहरांत एक्सपॅट सेंटरं आहेत. तिथे पालिकेची नोंदणी आणि निवास परवान्याचं कार्ड ही कामं एका फेरीत उरकता येतात. कंपनीला विचारा, ही सोय कंपनीमार्फतच मिळते.

सगळ्या कुटुंबाने जायचं, तान्ह्या बाळासकट. पासपोर्ट, भाडेकरार, अपोस्टिल केलेले दाखले, सगळं मूळ. झेरॉक्स दाखवून 'मूळ नंतर आणतो' हे चालत नाही. मूळ नाही तर नवी वेळ.

टीबीच्या तपासणीचं पत्र मिळालं असेल तर ती तीन महिन्यांच्या आत जीजीडी या सार्वजनिक आरोग्य केंद्रात करून घ्या. छातीचा एक्स-रे असतो, वेळ फारसा जात नाही.

याच आठवड्यात एचआरला ३० टक्के सवलतीच्या अर्जाबद्दल विचारा. अर्ज कंपनी आणि तुम्ही मिळून करायचा असतो. काम सुरू झाल्यापासून चार महिन्यांत गेला तर सवलत पहिल्या दिवसापासून धरतात, नंतर गेला तर मधल्या महिन्यांची बुडते. (२०२७ पासून हे प्रमाण २७ टक्के होणार आहे.) या सवलतीला जोडून आणखी एक फायदा आहे आणि तो पुष्कळांना उशिरा कळतो: ती ज्याला मिळते त्याला आणि त्याच्याच पत्त्यावरच्या कुटुंबीयांना भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स बदलून डच लायसन्स मिळू शकतं. ती नसेल तर भारतीय लायसन्सवर १८५ दिवस गाडी चालवता येते, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. भारतातलं लायसन्स संपत आलं असेल तर निघण्याआधी नूतनीकरण करा.

## ४. पत्रपेटी, डिजीडी, बँक

बीएसएन आला की डिजीडीचा अर्ज ऑनलाइन करा. डिजीडी ही सरकारी कामांची डिजिटल ओळख आहे: कर, पेन्शन, शाळा, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळीकडे. सक्रिय करायचा कोड टपालाने येतो आणि त्याला मुदत असते. म्हणून अर्जाच्याही आधी दारावरच्या पत्रपेटीवर तुमचं आडनाव लावा. आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच ठेवून 'पोस्टमनला कळेल' म्हणत बसू नका. आडनाव वेगळं असलेल्या जोडीदाराचंही लावा.

निळा लिफाफा दिसला की तो कर खात्याचा. त्याच दिवशी उघडा. डच कळत नसेल तर फोनने भाषांतर करा, पण 'वीकेंडला बघू' म्हणून फ्रिजवर लावू नका. मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजतात.

बँकेचं कार्ड लवकर घ्या. क्रेडिट कार्ड बऱ्याच दुकानांत चालत नाही, आणि ऑनलाइन खरेदीत बहुतेक सगळे आयडीलने (थेट बँक खात्यातून पैसे भरायची इथली सोय) पैसे भरतात. काही बँका बीएसएन नंतर देण्याच्या अटीवर खातं उघडून देतात. घाई असेल तर आधी त्यांच्याकडे जा.

तपासा: डिजीडीचं अॅप फोनवर चालू झालं का? नुसतं युजरनेम-पासवर्डवर थांबू नका, अनेक सेवा अॅपशिवाय उघडत नाहीत. नवरा आणि बायको दोघांचे डिजीडी वेगळे हवेत.

## ५. विमा, मग हाउसआर्ट्स (फॅमिली डॉक्टर)

इथे राहणाऱ्या-काम करणाऱ्या प्रत्येक प्रौढाला मूळ आरोग्य विमा सक्तीचा आहे. मुदत चार महिने. काहींचा हिशोब असा असतो की चौथ्या महिन्यात घेऊ, तोवरचे हप्ते वाचतील. ते वाचत नाहीत. मुदतीच्या आत कधीही घेतला तरी विमा सुरुवातीच्या तारखेपासून लागू होतो आणि हप्तेही तेव्हापासूनचे एकदम भरावे लागतात. महिन्याचा हप्ता माणशी साधारण १५० ते १७० युरो आहे, म्हणजे दोघांचे चार महिन्यांचे बाराशेच्या वर. मुदत उलटून गेली तर मागचं संरक्षण मिळत नाही, आणि सरकारी पत्र येऊन पुढे दंडही लागतो. भारतातून घेतलेला प्रवास विमा याला पर्याय नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही, पण त्यांचं नाव आई किंवा वडिलांच्या पॉलिसीत घालावंच लागतं. आपोआप जात नाही.

'आयखन रिसिको' म्हणजे वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतःच्या खिशातून. रक्त तपासणी, चिठ्ठीवरची बरीचशी औषधं, हॉस्पिटल यांना तो लागू होतो, हाउसआर्ट्सच्या भेटीला नाही. त्यामुळे 'उगाच पैसे जातील' म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नका. प्रौढांचे दात मूळ विम्यात येत नाहीत. दातांचं मोठं काम असेल तर निघण्याआधी उरकून या.

हाउसआर्ट्स म्हणजे तुमचा ठरलेला फॅमिली डॉक्टर, घराजवळचाच. बरं असतानाच नाव नोंदवा. अनेक दवाखान्यांची यादी भरलेली असते, आणि अंगात ताप असताना पाच ठिकाणी 'जागा नाही' ऐकायला नको. तज्ज्ञ डॉक्टरकडे जायचा रस्ता याच्याच चिठ्ठीतून जातो. आपल्यासारखं थेट त्वचारोगतज्ज्ञ किंवा हाडाच्या डॉक्टरकडे जाता येत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते फोनवर. डॉक्टरच्या आधी असिस्टंट बोलते आणि किती तातडीचं आहे ते ती ठरवते. 'मुलाला बरं नाही, डॉक्टरांना एकदा दाखवायचंय' एवढं सांगितलं की उत्तर ठरलेलं: पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा, दोन दिवसांनी फोन करा. त्याऐवजी असं सांगा: 'तीन दिवस ताप आहे, काल रात्री ३९.६ होता, पॅरासिटामॉल इतक्या वेळा दिलं, सकाळपासून लघवी कमी झाली आहे, पाणीही पीत नाही.' आकडे, वेळ, काय दिलं, काय बदललं. आणि कशाची भीती वाटते तेही उघड बोला. आपण संकोचाने दुखणं कमी करून सांगतो, आणि इथे तुम्ही सांगता तेवढंच आहे असं धरून चालतात.

एका भेटीला दहा मिनिटं आणि एक तक्रार. गुडघा आणि अॅसिडिटी दोन्ही दाखवायचं असेल तर वेळ घेतानाच दुप्पट वेळ मागा. अँटिबायोटिक सहज मिळत नाही, त्यासाठी वाद घालून उपयोग नाही. 'पुन्हा कधी फोन करू, कोणती लक्षणं दिसली तर?' हे मात्र विचारूनच निघा.

सावध: रात्री किंवा शनिवार-रविवारी थेट हॉस्पिटलच्या दारात जाऊ नका. आधी हाउसआर्ट्सनपोस्टला (दवाखाने बंद असतानाचं फॅमिली डॉक्टरांचं केंद्र) फोन करायचा, ते बोलावतील तिकडे जायचं. जिवावरचं असेल तर ११२.

## ६. स्वयंपाकघर आणि कचरा

नव्या घरांत इंडक्शन शेगडी असते, आणि भारतातून आणलेला अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर थंडच राहतो. पॅकिंग करतानाच फ्रिजवरचा चुंबक प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून पाहा. घट्ट चिकटला तर आणा, नाही तर ठेवा. वीज २३० व्होल्टच आहे, त्यामुळे मिक्सर चालतो. पिन बदलावी लागते.

फोडणीने धूर-अलार्म वाजतो. १ जुलै २०२२ पासून घराच्या प्रत्येक मजल्यावर तो सक्तीचा आहे, काढून ठेवू नका. शेगडीवरची चिमणी अनेक फ्लॅटमध्ये हवा बाहेर टाकत नाही, फिल्टरमधून पुन्हा आत सोडते. तेलकट झालेला फिल्टर बदलला नाही तर कांदा-लसणाचा वास आठवडाभर कोटांना येतो. कोट शयनकक्षात, दार लावून. घराच्या हवेच्या यंत्राचं तीन पायऱ्यांचं बटण स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराजवळ असतं: फोडणीच्या आधी तीनवर, अर्ध्या तासाने परत एकवर. थंडीत वीज वाचवायला ते यंत्र पूर्ण बंद करणारे लोक आहेत. फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या कोपऱ्यांत बुरशी धरते.

कचऱ्याचे नियम गावागणिक बदलतात, दुसऱ्या शहरातल्या मित्राला विचारू नका. कुठे प्लास्टिक घरीच वेगळं काढायचं, कुठे ते यंत्र नंतर काढतं आणि तुम्ही साध्या कचऱ्यात टाकायचं. खेमेंतेच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की वेळापत्रक मिळतं. ओला कचरा, कागद आणि काच मात्र वेगळं ठेवायची सवय लावाच. कंटेनर भरलेला असेल तर पिशवी शेजारी ठेवून येऊ नका. पिशवीतल्या पाकिटावरचा पत्ता वाचून दंड पाठवतात.

तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. थंड झाल्यावर बाटलीत भरून सुपरमार्केटजवळच्या पिवळ्या डब्यात टाकायचं. प्लास्टिक बाटल्या आणि पेयांचे डबे दुकानातल्या यंत्रात घातले की लहानाचे १५ सेंट, मोठ्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. बाटली चेपू नका आणि लेबल काढू नका, यंत्र घेत नाही.

## ७. सायकल आणि ट्रेन

सायकल येते म्हणून लगेच ऑफिसला निघू नका. पहिल्या रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर ऑफिसपर्यंतचा पूर्ण मार्ग एकदा करून पाहा. कारण साध्या डच सायकलला अनेकदा हँडलवर मागचा ब्रेक नसतो, पेडल उलटं दाबायचं असतं. आपल्याला थांबताना पेडल मागे फिरवून पाय जुळवायची सवय असते. इथे तसं केलं की सायकल जागीच थांबते आणि मागचा येऊन आदळतो.

रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असली की समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला. वळताना हात. ट्रामचे रूळ तिरपे नाही, शक्य तितके काटकोनात ओलांडा, नाही तर चाक खोबणीत अडकतं. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. चालवताना फोन हातात धरला तर दंड दीडशे युरोंच्या पुढे जातो. आठ वर्षांखालच्या मुलाला नुसतं कॅरिअरवर बसवता येत नाही, पाय अडकणार नाहीत अशी सीट लागते.

दोन कुलपं लावा, त्यातलं एक साखळीचं आणि खांबाला. पुलावर कुणी वीस-पंचवीस युरोंत सायकल विकायला आला तर ती चोरीचीच समजा. तशी घेणं हाही गुन्हा आहे.

ट्रेन-बसमध्ये बँक कार्डाने चेक-इन, चेक-आउट करता येतं. फोनने चेक-इन आणि त्याच खात्याच्या प्लास्टिक कार्डाने चेक-आउट असं केलंत तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन अपुरे प्रवास कापले जातात. ज्याने आत, त्यानेच बाहेर. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड. स्टेशनवर दोन कंपन्यांचे खांब असतील तर कंपनी बदलताना एकावर बाहेर, दुसऱ्यावर आत. 'स्टिल्टे' (शांतता) लिहिलेल्या डब्यात फोनवर बोलायचं नाही, घरच्यांशीही नाही.

## ८. मुलं आणि शाळा

पाच वर्षं पूर्ण झाली की शाळा सक्तीची, बहुतेक मुलं चौथ्या वाढदिवसानंतर लगेच जातात. डच न येणाऱ्या मोठ्या मुलांसाठी वेगळे वर्ग असतात, तिथली जागा आधी विचारा. पोहण्याच्या क्लासलाही लवकर नाव घाला. कालव्यांच्या देशात मुलाने पोहण्याचा 'अ' दाखला मिळवणं गृहीत धरतात, आणि यादी लांब असते.

सुट्टीचा नियम मात्र नीट समजून घ्या. तिकिटं स्वस्त आहेत म्हणून शाळा चालू असताना चार दिवस आधी भारतात निघणं इथे बेकायदा आहे. सक्तीच्या शिक्षणाचा अधिकारी विचारणा करतो आणि दंड होतो. जवळच्या नात्यातल्या लग्नासाठी रजा मिळू शकते, पण आधी लेखी अर्ज आणि पत्रिका हवी. दिवाळीसाठी धार्मिक कारणाने एक दिवस मिळतो, शाळेला किमान दोन दिवस आधी कळवायचं. 'पोट दुखतंय' असं खोटं सांगून विमानात बसू नका. मूल सोमवारी वर्गात आजीकडच्या गमती सांगतंच.

## ९. शेजारी, ऑफिस, येणं-जाणं

राहायला आल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या शेजाऱ्यांची बेल वाजवा. नाव सांगा, कोण-कोण राहतो ते सांगा, फोन नंबर द्या, दोन मिनिटांत निघा. पुढे कधी रात्री पाहुणे जमणार असतील तर आदल्या दिवशी त्यांना मेसेज करता येतो, आणि तो मेसेज गेला असेल तर तक्रार क्वचित येते. चपला दाराबाहेर काढून ठेवायची आपली सवय सोडा. सामायिक जिन्यात चपलांचं रॅक, बाबागाडी, सायकल काहीच नको, आगीच्या वेळी वाट अडते. रात्री दहानंतर आणि पहाटे मिक्सर नाही. शेजारी तोंडावर येऊन 'आवाज फार होतो' म्हणाला तर ते भांडण नव्हे. 'कोणत्या वेळी त्रास होतो?' विचारा, वेळ ठरवा, विषय तिथेच मिटतो. माफी मागत बसून आवाज तसाच राहिला तर मात्र खरंच बिघडतं.

ऑफिसात आपला 'हो' महागात पडतो. साहेब (त्यांनाही नावानेच हाक मारायची) विचारतात, शुक्रवारपर्यंत होईल का? आपण म्हणतो, 'हो हो, प्रयत्न करतो.' आपल्या मनात त्याचा अर्थ 'अवघड आहे, बघू.' त्यांच्या वहीत लिहिलं जातं: शुक्रवार. शुक्रवारी काम झालेलं नसतं तेव्हा त्यांना उशिराचा राग कमी आणि बुधवारीच का सांगितलं नाही याचा जास्त येतो. जमणार नसेल तर जागेवर सांगा आणि कधी जमेल ती तारीख द्या. मीटिंगमध्ये तुमच्या कामावर सगळ्यांसमोर 'हे मला पटलं नाही' असं कुणी म्हटलं तर ते कामाबद्दल असतं. तासाभराने तोच माणूस कॉफी आणून देतो. तुम्हालाही काही पटलं नसेल तर तिथेच बोला. मीटिंगनंतर बाजूला घेऊन सांगितलेलं कुणी धरत नाही.

आजारी असाल तर सकाळी फोन करून कळवा, बस्स. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही आणि काय झालंय हे साहेबांनी विचारायचं नसतं. आपणहून सगळी कहाणी सांगायची गरज नाही. ताप असताना ऑफिसात येऊन बसलात तर निष्ठेचे गुण मिळत नाहीत, घरी पाठवतात.

वाढदिवस तुमचा असेल तर केक तुम्हीच आणायचा, ऑफिसातही आणि शाळेत मुलानेही. दुसऱ्याच्या घरी वाढदिवसाला गेलात तर खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करायचंच, पण त्याची बायको, आई, भाऊ यांचंही एकेकाशी हात मिळवून करायचं. आलेली भेट समोरच उघडतात, तुम्हालाही उघडायला लावतील. लाजू नका. मुलांच्या पार्टीला आमंत्रण त्या एकाच मुलाला असतं. धाकट्याला सोबत नेऊ नका आणि आपणही तिथे थांबू नका. दिलेल्या वेळेला सोडायचं, दिलेल्या वेळेला न्यायला यायचं.

कुणाकडेही न कळवता जायचं नाही. भेट तीन-चार आठवडे आधी ठरते. त्यात तुटकपणा काही नाही, आधीचे रविवार खरंच भरलेले असतात. दुपारी चहाला बोलावलं असेल तर साडेपाचला निघा, सहाला त्यांचं जेवण असतं आणि ते मोजून केलेलं असतं. बाहेर जेवलात तर संध्याकाळी टिकीची (आपला वाटा मागायचं अॅप) लिंक येते, कधी चार-पाच युरोंचीही. लगेच भरा. 'राहू दे, पुढच्या वेळी मी' हा हिशोब इथे चालत नाही, दोन्ही बाजूंना अवघड होतं.

दिवाळीत शेजाऱ्यांना फराळाला बोलवायचं असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तारीख धाडा आणि मेसेज असा लिहा: 'शनिवारी दुपारी ३ ते ५, चहा आणि फराळ, जेवण नाही. शेंगदाणे किंवा दुधाची कुणाला अॅलर्जी आहे का?' तिखट काय आणि गोड काय हे ताटलीशेजारी चिठ्ठीवर लिहून ठेवा. 'जेवण नाही' हे लिहायला विसरलात तर ते दुपारचं जेवण न घेता येतील. तीन म्हणजे तीनला बेल वाजेल, तेव्हा तोवर अनारसे तळत बसू नका. वाढताना एकदा विचारा. 'नको' म्हणाले की नको. पाच वाजता ते उठतील. 'अहो बसा, काय घाई आहे' म्हणू नका. फराळाचा डबा बांधून दिलात तर चालेल. तो डबा धुऊन, बहुधा त्याच आठवड्यात, परत येतो.